पाचशे बारा बाइटांचा उंबरठा

संगणकाची कळ दाबल्यापासून पडद्यावर पहिले चित्र उमटेपर्यंत जे काही क्षण जातात, त्यांकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. परंतु यंत्राच्या दृष्टीने पाहिले, तर सर्वांत अवघड प्रश्न याच क्षणांत सुटावयाचा असतो. वीज गेली की संगणकाची कामाची स्मृती कोरी होते. काय करावयाचे ते सांगणारा प्रोग्राम डिस्कवर असतो; डिस्क कशी वाचावयाची हे प्रोग्रामनेच सांगावयाचे असते; आणि प्रोग्राम तर अजून स्मृतीत आलेलाच नाही. किल्ली पेटीत आणि पेटीला कुलूप, अशी ही अवस्था. इंग्रजी भाषेत स्वतःच्याच बुटाचे पट्टे ओढून स्वतःला वर उचलण्याची एक असंभाव्य कल्पना आहे. तिच्यावरूनच या क्रियेला ‘बूट होणे’ हे नाव पडले.

लिनक्स ही कार्यप्रणाली कोणालाही मोफत मिळते आणि साध्या घरगुती यंत्रावरही बसविता येते. पण ती बसविताना नवख्या माणसाची जी तारांबळ उडते, ती बहुधा याच उंबरठ्यावर. डिस्कचे विभाग, म्हणजे पार्टिशने, किती पाडावयाची, कोणत्या क्रमाने पाडावयाची, यंत्र जुन्या पद्धतीने सुरू होते की नव्या, हे प्रश्न त्याच्यापुढे एकदम उभे राहतात. ही तारांबळ अकारण नाही. तिच्यामागे चार दशकांचा इतिहास आहे. आणि त्या इतिहासाच्या पोटात एक साधा, पण मूलगामी प्रश्न दडलेला आहे. यंत्रावर सत्ता कोणाची? ते विकत घेणाऱ्याची, की त्याची पहिली किल्ली ज्याच्या हाती असते त्याची?

या कथेचा आरंभ १२ ऑगस्ट १९८१ या दिवशी होतो. अमेरिकेतील आयबीएम कंपनीने त्या दिवशी आपला वैयक्तिक संगणक जाहीर केला. त्याच्या पटावर कायम स्मृतीची एक चिप बसविलेली होती आणि तिच्यात ‘बायॉस’ नावाचा छोटा प्रोग्राम कोरलेला होता. हे नाव आयबीएमचे नव्हे. गॅरी किल्डॉल या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९७० नंतरच्या दशकात आपल्या सीपीएम या कार्यप्रणालीतील एका भागास ते दिले होते. यंत्राच्या अंगातच वसणाऱ्या अशा प्रोग्रामला ‘फर्मवेअर’ म्हणतात. तो वीज गेली तरी पुसला जात नाही, म्हणून पेटीबाहेरची किल्ली तीच.

बायॉसचे काम मर्यादित होते. यंत्र जागे झाले की स्मृती आणि कळफलक तपासावयाचा, मग फ्लॉपी चकतीचा पहिला सेक्टर, म्हणजे पहिले ५१२ बाइट, वाचून स्मृतीत ३१,७४४ या क्रमांकाच्या पत्त्यावर ठेवावयाचे आणि सूत्रे त्या ५१२ बाइटांच्या हाती देऊन बाजूला व्हावयाचे. हा पत्ता विचित्र वाटतो, पण त्याचा हिशेब सरळ आहे. यंत्रात निदान ३२ किलोबाइट स्मृती असेल असे धरले आणि तिच्यातील शेवटचा एक किलोबाइट या कामासाठी राखला. उरले ३१ किलोबाइट, म्हणजेच ३१,७४४ बाइट. पुढे स्मृती हजारो पटींनी, मग लाखो पटींनी वाढली. तरी जुन्या पद्धतीने सुरू होणारे प्रत्येक यंत्र आपला पहिला सेक्टर त्याच पत्त्यावर नेऊन ठेवीत राहिले. एका छोट्या यंत्रासाठी केलेला हिशेब साऱ्या वंशाला पुरला, किंवा बाधला, असे म्हणावयास हरकत नाही.

८ मार्च १९८३ रोजी आयबीएमने १० मेगाबाइटची हार्ड डिस्क असलेला ‘एक्सटी’ हा संगणक बाजारात आणला आणि त्याच्याबरोबर डॉस या कार्यप्रणालीची २.० ही आवृत्ती दिली. फ्लॉपी बदलता येते. हार्ड डिस्क यंत्रातच कायम राहते. मग एकाच डिस्कवर दोन कार्यप्रणालींना नांदावयाचे असेल तर काय करावे? यावर जो तोडगा निघाला तो वाटणीपत्राचा. पहिल्या सेक्टरातील ४४६ बाइट प्रोग्रामसाठी ठेवले, ६४ बाइटांत विभागांचा तक्ता मांडला आणि शेवटच्या दोन बाइटांत ओळखीची खूण ठेवली. सारे मिळून ५१२. प्रत्येक विभागाच्या नोंदीस १६ बाइट लागत, म्हणून विभाग चारच. नोंदीत विभाग कोठे सुरू होतो, त्याची लांबी किती, तो कोणत्या जातीचा आहे आणि बूट करण्याचा मान सध्या त्याचा आहे की नाही, एवढे लिहिलेले असे. शेताच्या सातबारा उताऱ्यावर जशी गटाची, क्षेत्राची आणि खातेदाराची नोंद असते, तसाच हा प्रकार होता.

या तक्त्याचे महत्त्व त्याच्या आकारात नाही, त्यामागील भूमिकेत आहे. डॉसने साऱ्या डिस्कवर आपला हक्क सांगितला नाही. दुसऱ्या कोणासाठी जागा राहील अशी तरतूद आरंभीच झाली. बायॉसही पहिल्या सेक्टरात कोणाचा प्रोग्राम आहे हे विचारीत नसे. खूण जुळली की दार उघडे. पुढे १९८४ मध्ये फिनिक्स या कंपनीने आयबीएमच्या बायॉसशी जुळणारा, परंतु स्वतंत्रपणे लिहिलेला बायॉस इतर कारखानदारांना विकावयास आरंभ केला आणि सारख्याच घडणीची यंत्रे अनेक कंपन्यांकडून निघू लागली. त्या सर्वांचा उंबरठा एकच होता. चार विभाग अपुरे पडू लागले तेव्हा १९८७ मध्ये डॉसच्या ३.३ या आवृत्तीने चारांपैकी एका विभागाच्या पोटात आणखी विभागांची साखळी घालण्याची सोय केली. सोय खरी, पण साखळीतील एक कडी बिघडली की तिच्या पुढचे सारे विभाग दिसेनासे होत.

अशा या वाड्यात १९९१ साली एक नवा बिऱ्हाडकरू आला. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉर्वाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपण एक कार्यप्रणाली लिहीत असल्याचे इतर अभ्यासकांना कळविले. त्या काळी तो अँड्र्यू टॅनेनबॉम या प्राध्यापकाने शिक्षणासाठी तयार केलेली मिनिक्स ही प्रणाली वापरीत असे. त्याच्या डिस्कच्या एका विभागावर मिनिक्स होती आणि तिच्याच आधाराने नवी प्रणाली घडत होती. पहिल्या आवृत्तीत आपला मूळ विभाग कोणता हेदेखील कर्नेलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, मजकुरातच लिहावे लागे. दुसऱ्या यंत्रावर ती चालवावयाची तर मजकूर बदलून सारा गाभा पुन्हा तयार करावयाचा.

त्या वर्षाच्या अखेरीस एक अपघात घडला. टॉर्वाल्ड्सला दूरध्वनीच्या तारेवरून विद्यापीठाच्या संगणकाशी जोडून घ्यावयाचे होते. त्याने मोडेमला द्यावयाचे हुकूम चुकून हार्ड डिस्कच्या विभागाकडे पाठविले. युनिक्सच्या धर्तीच्या प्रणालीत मोडेम काय आणि डिस्क काय, दोन्ही नुसत्या नावांनी ओळखली जातात; नावात चूक झाली की प्रणाली निमूटपणे आज्ञा पाळते. मिनिक्सच्या विभागाचा महत्त्वाचा भाग पुसला गेला. मिनिक्स पुन्हा बसवावयाची, की आपली अपुरी प्रणाली स्वतःच्या पायांवर उभी करावयाची, असे दोन मार्ग त्याच्यापुढे होते. त्याने दुसरा पत्करला. लिनक्सच्या स्वावलंबनात एका पुसलेल्या विभागाचा असा वाटा आहे. त्याचबरोबर, विभागांवर हात घालण्यापूर्वी आपल्या मजकुराची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी, या उपदेशाला लिनक्सच्या जन्मकथेइतका उत्तम दाखला दुसरा नाही.

याच सुमारास आणखी एका विभागाची गरज निर्माण झाली. जर्मनीतील एका वापरकर्त्याच्या यंत्रात केवळ दोन मेगाबाइट स्मृती होती आणि तेवढ्यात गाभा तयार करण्याचे काम होईना. तेव्हा स्मृतीतील न लागणारी पाने तात्पुरती डिस्कवर नेऊन ठेवण्याची सोय टॉर्वाल्ड्सने केली. जानेवारी १९९२ मध्ये निघालेल्या ०.१२ या आवृत्तीत ती आली. आजही लिनक्स बसविताना ‘स्वॅप’ म्हणून जी जागा राखली जाते, तिचे मूळ या अडचणीत आहे.

आता लिनक्सला यंत्रावर स्वतःच्या बळावर सुरू व्हावयाचे होते. त्यासाठी वेर्नर आल्मेसबर्गर याने १९९२ मध्ये ‘लिलो’ हा प्रोग्राम लिहिला. नाव ‘लिनक्स लोडर’ या शब्दांचा संक्षेप. लिलोला डिस्कवरील फाइलींची रचना कळत नसे. गाभा डिस्कच्या कोणकोणत्या तुकड्यांत ठेवला आहे त्याची यादी आधीच करून ठेवावयाची आणि बूटच्या वेळी बायॉसकरवी ते तुकडे एकामागून एक उचलावयाचे, अशी त्याची रीत. नवा गाभा बसविल्यावर यादी पुन्हा करावयास जो विसरला, त्याचे यंत्र दुसऱ्या दिवशी सुरू होत नसे. लिलो आपल्या नावातील चार अक्षरे कामाच्या एकेका टप्प्यावर पडद्यावर उमटवी. दोनच अक्षरे उमटून यंत्र थांबले, तर दुसरा टप्पा स्मृतीत आला पण चालू झाला नाही, असे जाणकार ओळखीत. नाडी पाहून रोग सांगण्यासारखेच ते होते.

त्या काळातील सर्वांत कुप्रसिद्ध अडचण १,०२४ या आकड्याची. डिस्कवरील जागा सांगताना बायॉस वर्तुळाकार पट्ट्यांचा, म्हणजे सिलिंडरांचा, क्रमांक दहा बिटांत लिहीत असे. दहा बिटांत १,०२४ च आकडे मावतात. बायॉसच्या आणि डिस्कच्या निरनिराळ्या मर्यादा एकत्र आल्या की ५२ कोटी ८४ लाख ८२ हजार ३०४ बाइटांपलीकडील जागा बायॉसला दिसत नसे. पुढे युक्तीने ही सीमा सुमारे ८.४ गिगाबाइटपर्यंत सरकली. लिनक्सचा गाभा एकदा जागा झाला की तो डिस्कशी स्वतः बोले आणि त्याला ही मर्यादा नसे. पण त्याला जागे करणारा बायॉसच होता. म्हणून गाभा डिस्कच्या आरंभीच्या भागातच असावा लागे. यावरून डिस्कच्या अगदी सुरुवातीला ‘बूट’ नावाचा एक छोटा विभाग पाडण्याची पद्धत पडली. कारण कधीच सरले, तरी पद्धत पुष्कळ वर्षे टिकली.

दुसरा मार्ग एरिक बोलिन याने १९९५ मध्ये काढला. त्याने लिहिलेला ‘ग्रब’ हा प्रोग्राम मुळात लिनक्ससाठी नव्हताच. ग्नू प्रकल्पाची हर्ड ही प्रणाली सुरू करण्यासाठी तो होता. ग्रबला फाइलींची रचना वाचता येई. त्यामुळे तुकड्यांची यादी करण्याचे कारण उरले नाही. गाभ्याचे नाव सांगितले की ग्रब तो शोधून काढी. एवढी विद्या ४४६ बाइटांत मावणे शक्य नव्हते. पहिला विभाग पूर्वीच्या रीतीप्रमाणे ६३ व्या सेक्टरपासून सुरू होई. त्यामुळे पहिल्या सेक्टरामागे ६२ सेक्टर रिकामे पडत. ग्रबने आपले बिऱ्हाड त्या रिकाम्या पडवीत थाटले. १९९९ मध्ये तो ग्नू प्रकल्पात रीतसर दाखल झाला आणि हळूहळू बहुतेक लिनक्स वितरणांनी त्याचा स्वीकार केला.

तरी एक भांडण मिटले नव्हते. पहिला सेक्टर एकच. जी प्रणाली शेवटी बसविली जाई ती त्यावर आपला प्रोग्राम लिही. लिनक्सवाल्याने विंडोज पुन्हा बसविली की ग्रब गेलाच. विभागांचा मजकूर शाबूत असे, पण दाराची पाटी बदललेली असे. दुसरी अडचण गणिताची होती. तक्त्यात सेक्टरांचा आकडा ३२ बिटांत लिहिला जाई आणि प्रत्येक सेक्टर ५१२ बाइटांचा. या हिशेबाने सुमारे २.२ टेराबाइटपलीकडे वाटणीपत्रच संपत होते. १९८३ साली १० मेगाबाइटच्या डिस्कपुढे ही मर्यादा अफाट होती. त्यानंतर तीन दशके सरण्यापूर्वीच ३ टेराबाइटच्या डिस्का दुकानांत आल्या.

यावरील उपाय तत्पूर्वीच दुसरीकडे घडत होता. इटॅनियम या नव्या जातीच्या प्रोसेसरसाठी इंटेल कंपनीला जुना बायॉस अपुरा वाटला आणि १९९८ मध्ये तिने नवी फर्मवेअर व्यवस्था आखावयास घेतली. तिचेच नाव पुढे ‘ईएफआय’ झाले. २००५ मध्ये अनेक कंपन्यांनी मिळून तिचा कारभार एका मंडळाकडे सोपविला आणि ती ‘यूईएफआय’ म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्याबरोबर ‘जीपीटी’ हा विभागांचा नवा तक्ता आला. चार विभागांऐवजी सामान्यतः १२८ विभागांची जागा, सेक्टरांचा आकडा ६४ बिटांत, प्रत्येक विभागाला स्वतंत्र १२८ बिटांची ओळख, तक्त्यात चूक झाल्यास ती पकडणारी बेरीज आणि डिस्कच्या शेवटी साऱ्या तक्त्याची दुसरी प्रत, अशी ही रचना आहे. पहिल्या सेक्टरात मात्र जुन्या पद्धतीचा एक नाममात्र तक्ता ठेवतात. त्यात साऱ्या डिस्कवर एकच विभाग दाखविलेला असतो, हेतू एवढाच की जुन्या साधनाने डिस्क मोकळी समजून तिच्यावर लिहू नये.

बूटची रीतही पालटली. यूईएफआयला फाइली वाचता येतात. डिस्कवर ‘ईएसपी’ नावाचा एक छोटा विभाग असतो. त्यात प्रत्येक प्रणाली आपापल्या नावाच्या कप्प्यात आपला बूट प्रोग्राम ठेवते आणि कोणता प्रथम घ्यावा याची यादी फर्मवेअर स्वतःजवळ बाळगते. एकाच पाटीवरून होणारे भांडण पुष्कळ अंशी मिटले. लिनक्स बसविणाऱ्याने आज जे पाहावयाचे ते हेच. यंत्रावरील आधीची प्रणाली यूईएफआय पद्धतीने बसली असेल, तर लिनक्सही त्याच पद्धतीने बसवावी, असलेला ईएसपी विभाग पुसू नये, त्यातच आपला कप्पा करावा. एक प्रणाली जुन्या आणि दुसरी नव्या रीतीने बसविली, तर एकीला दुसरीचा ठाव लागत नाही.

गणिताच्या अडचणी अशा एकामागून एक सुटल्या. पण २०११ मध्ये निराळ्याच जातीचा प्रश्न उभा राहिला. यूईएफआयच्या २.३.१ या आवृत्तीने ‘सिक्युअर बूट’ ही सोय सांगितली. ज्या प्रोग्रामवर मान्य स्वाक्षरी नाही, त्याला फर्मवेअरने दारातच अडवावयाचे. हेतू वाईट नव्हता. कार्यप्रणालीच्याही आधी शिरणारे घातक प्रोग्राम त्यावेळी आढळू लागले होते आणि प्रणाली जागी होण्यापूर्वी आलेल्या चोराला प्रणाली पकडू शकत नाही. परंतु स्वाक्षरी कोणाची मान्य? ऑक्टोबर २०१२ मध्ये निघालेल्या विंडोज ८ चे बोधचिन्ह यंत्रावर लावावयाचे, तर ही सोय चालू असली पाहिजे, अशी अट मायक्रोसॉफ्टने घातली. परिणामी यंत्रांत ज्या किल्ल्या येणार त्यांत मायक्रोसॉफ्टची किल्ली असणार हे निश्चित झाले. लिनक्स वितरणांची किल्ली असेलच याची खात्री कोणी देईना. १९८१ पासून जे दार खूण जुळताच उघडत होते, ते आता नाव विचारू लागले.

यावर लिनक्सच्या मंडळींत मोठा खल झाला. स्वतःची किल्ली प्रत्येक कारखानदाराच्या गळी उतरविणे लहान वितरणांना अशक्य होते. अखेर मॅथ्यू गॅरेट आणि त्याचे सहकारी यांनी व्यवहार्य मार्ग काढला. ‘शिम’ नावाचा अगदी छोटा प्रोग्राम लिहावयाचा, त्यावर मायक्रोसॉफ्टची स्वाक्षरी घ्यावयाची आणि पुढे ग्रब व गाभा यांच्या स्वाक्षऱ्या शिमने तपासावयाच्या. जानेवारी २०१३ मध्ये आलेल्या फेडोरा १८ ने हा मार्ग वापरला. सूसे या वितरणाच्या लोकांनी त्यात एक मोलाची भर घातली. यंत्रापुढे प्रत्यक्ष बसलेल्या माणसाला स्वतःची किल्ली शिममध्ये नोंदविता यावी अशी सोय त्यांनी सुचविली. तिचे नावच ‘यंत्रस्वामीची किल्ली’ अशा अर्थाचे आहे.

या तडजोडीविषयी दोन मते होती आणि दोन्हींत तथ्य आहे. एका पक्षाचे म्हणणे असे, की सामान्य माणसाला फर्मवेअरच्या खोल कप्प्यांत न शिरता लिनक्स बसविता आली पाहिजे. त्यासाठी दुसऱ्याची स्वाक्षरी घेण्यात कमीपणा नाही. दुसरा पक्ष विचारतो, की स्वतःच्या पैशाने घेतलेल्या यंत्रात काय चालवावे याला स्पर्धकाची अनुमती का लागावी? इंटेल घडणीच्या यंत्रांवर ही सोय बंद करण्याचा आणि किल्ल्या बदलण्याचा अधिकार मालकाला असलाच पाहिजे, असे विंडोज ८ च्या नियमांत होते. एआरएम प्रोसेसरच्या यंत्रांवर मात्र तो नसावा, असेही त्याच नियमांत होते. २०१५ मध्ये विंडोज १० च्या वेळी पहिल्या प्रकारच्या यंत्रांवरील बंद करण्याची सोयही सक्तीची न ठेवता कारखानदाराच्या मर्जीवर सोडण्यात आली. अधिकार एका फटक्यात जात नाहीत. नियमातील ‘असलाच पाहिजे’च्या जागी ‘असू शकेल’ आले की पुरे.

पहारा कितीही कडक असला तरी तो माणसांनीच उभारलेला असतो, हे जुलै २०२० मध्ये दिसून आले. ग्रब आपली मांडणीची फाइल वाचतो तेथील एका चुकीतून साऱ्या स्वाक्षऱ्यांना बगल देता येते, असे उघडकीस आले. जुने ग्रब अमान्य ठरविण्यासाठी किल्ल्यांच्या याद्या बदलाव्या लागल्या, आणि त्या धांदलीत दुरुस्ती घेतलेली काही यंत्रेच सुरू होईनात. मायक्रोसॉफ्टच्या २०११ मधील प्रमाणपत्रांची मुदत २०२६ मध्ये सुरू होणाऱ्या टप्प्यांत सरावयाची, हे आरंभीच ठरलेले होते. त्यासाठी २०२३ मधील नवी प्रमाणपत्रे यंत्रांत पोचविण्याचे काम हाती घ्यावे लागले. किल्ली दुसऱ्याची असली की तिच्या मुदतीची काळजीही घरमालकालाच वाहावी लागते.

या साऱ्या इतिहासात मर्यादा दोन प्रकारच्या दिसतात. ३१,७४४ चा पत्ता, चार विभाग, १,०२४ सिलिंडर, २.२ टेराबाइट या पहिल्या प्रकारच्या. त्या कोणाच्या द्वेषातून आल्या नाहीत. त्या त्या वेळच्या तुटपुंज्या जागेतून आल्या आणि चिकाटीच्या माणसांनी त्या ओलांडल्या. दुसऱ्या प्रकारची मर्यादा अनुमतीची. तिला गणित पुरत नाही. तेथे नियम वाचावे लागतात, हरकत घ्यावी लागते आणि सोय मागून घ्यावी लागते. हेलसिंकीच्या विद्यार्थ्याला १९९१ साली आपल्या यंत्रावर आपली प्रणाली सुरू करण्यास कोणाची स्वाक्षरी लागली नाही, कारण आठ वर्षांपूर्वी कोणीतरी वाटणीपत्रात परक्यासाठी जागा ठेवली होती आणि दारावरील रखवालदार नाव विचारीत नव्हता. आज रखवालदार नाव विचारतो, आणि तो तसे का विचारतो याला कारणही आहे. यंत्र घेताना त्याची किल्ली बदलता येते की नाही, एवढे विचारून पाहणे मात्र अजून घेणाऱ्याच्या हाती आहे.